पाहुणीची मुकी पट्टी

आत्याने बाहेरून शटरवर दोनदा हात आपटला आणि उत्तराची वाट न बघता वाकून आत शिरली. सुट्टीच्या दिवशी बाबा शटर अर्धंच उघडायचे. पूर्ण उघडलं की लोक तुटक्या बॅगा घेऊन येतात आणि बाबांना नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं.

"मोडली माझी कंबर," आत्या म्हणाली. "सख्ख्या बहिणीसाठी तरी हातभर वर घेत जा ते."

बाबांच्या ओठांत बारीक खिळे होते. कामाला बसले की ते खिळे तोंडात धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे, त्यामुळे त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं. या खिळ्यांच्या आडोशानेच हा माणूस सत्तरीला पोचला, असं आत्याचं ठाम मत होतं.

"हं," बाबा म्हणाले.

"हं काय हं! आज पोरीसमोर तरी तोंड रिकामं ठेव. चार महिन्यांनी पाऊल टाकतेय घरात. किती मिनतवाऱ्या केल्यात मी तिच्या! आता पुन्हा वाजलं ना तुमचं, तर मी मध्ये पडणार नाही. सांगून ठेवते."

हे ती दर वेळी सांगून ठेवायची आणि दर वेळी मध्ये पडायची.

आतल्या बाजूला वहिनी स्टुलं मांडत होती. दादा कात्र्यांना धार लावत बसला होता, म्हणजे रागावला होता. धार लावायचं काम तो फक्त रागात करायचा आणि त्यामुळे दुकानातल्या कात्र्या नेहमी उत्तम चालायच्या.

"अहो, पुरे आता," वहिनी हळूच म्हणाली. "केस कापले जातील त्यानं."

"माझं मी बघतो."

"बघा. पण ती आली की हसा जरा. तुमचीच बहीण आहे."

सगळ्यांच्या डोक्यावर, अगदी वरच्या फळीवर, पाहुणी होती.

पाहुणी म्हणजे अकॉर्डियन. तेवीस वर्षांपूर्वी एक उंच माणूस ती पेटीसकट घेऊन आला होता. पेटीचं कुलूप बसत नव्हतं आणि धरायची दांडी निखळली होती. बाबांनी चिठ्ठी लिहिली, 'कुलूप, दांडी'. अर्धी फाडून त्याला दिली, अर्धी दांडीला बांधली. माणूस म्हणाला, गुरुवारी येतो. तो गुरुवार अजून उजाडायचा आहे.

दुसऱ्या एखाद्याने वर्षभर वाट बघून वाद्य घरात घेतलं असतं नाही तर कुणाला देऊन टाकलं असतं. पण बाबांचे दोन नियम होते आणि ते त्यांच्या वडिलांकडून आले होते. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच दुरुस्त करायचं. आणि गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. तिला हात लावायचा नाही, हे तर सांगायचीही गरज नव्हती.

त्यातून वाट काढली ती आईने. ती मशीनवर बॅगांची अस्तरं शिवायची आणि बाबांना त्यांच्याच नियमात पकडायची. "जशी दिली तशी परत करायची ना?" ती म्हणाली होती. "मग भाता हलता नको का ठेवायला? वाळून तडे गेले तर काय दाखवणार त्या माणसाला?" बाबा 'हं' म्हणाले. तेव्हा आठ वर्षांच्या धाकटीला काम मिळालं, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं भात्याला हवा द्यायची. आठवड्याचं रोज झालं, दहा मिनिटांचा तास झाला. कुणी शिकवलं नाही. समोरच्या दुकानातल्या रेडिओवरची गाणी, आईच्या मशीनचा ठेका, दोन घरं सोडून रडणारं तान्हं मूल, जे कानावर पडेल ते ती पट्ट्यांवर शोधत बसायची.

आणि एक पट्टी मुकी होती. मधलीच, पांढरी. दाबली तर नुसतीच खाली जायची. आत काहीतरी बिघडलं होतं आणि बाबांना ते उघडून बघता आलं असतं, पण चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे कुठलंही गाणं त्या जागी आलं की अडायचं. अडलं की आई मशीनवरून मान वर न करता तो सूर स्वतः भरायची. 'ऊं.' एवढाच. तोंडात दोरा असला तरी. हळूहळू घराला सवयच झाली. धाकटी वाजवणार, तिथे आली की आई 'ऊं' करणार आणि गाणं पुढे जाणार.

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून धाकटी त्या जागी येऊन थांबायची, तेवढा वेळ जाऊ द्यायची आणि पुढे जायची.

ती आली तेव्हा आत्याने तिला दारातच कवटाळलं. "केवढी वाळलीस गं! त्या स्टुडिओत खायला देत नाहीत वाटतं."

"देतात गं आत्या. तूच मला दर वेळी वाळलेली बघतेस." धाकटीने छोटा स्पीकर आणि मुठीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र टेबलावर ठेवलं. मग बाबांकडे बघितलं. "बाबा, कसे आहात?"

बाबांनी खिळे हातात काढले. आत्याने मोठ्या समाधानाने वहिनीकडे पाहिलं.

"बरा आहे," बाबा म्हणाले आणि खिळे परत तोंडात ठेवले.

तिच्या अकॉर्डियनच्या अल्बममध्ये सात तुकडे होते. सहा झाले होते. "हा पहिला," असं म्हणून धाकटीने बटण दाबलं आणि हात मांडीखाली घेऊन बसली, लहानपणी शाळेचा निकाल दाखवताना बसायची तशी.

सूर भरून आला आणि आत्याचे डोळे पहिल्याच मिनिटाला पाणावले. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण ही चाल तिला पाठ होती. दुपारी भावाकडे आली की या चालीवर तिने कितीतरी डुलक्या काढल्या होत्या. आता वर जाणार, आता वळणार, आता ती जागा. आत्याने नकळत मान मशीनकडे वळवली.

स्पीकरमधून सूर आला. गोल, स्वच्छ, पुरेपूर. आणि गाणं पुढे गेलं.

आत्याला वाटलं, पायरी आहे म्हणून पाय टाकला आणि सपाट जमीन लागली. तिने इकडेतिकडे बघितलं. दादा खाली बघत होता. मशीनवर कापडाचं झाकण होतं.

"छान," वहिनी म्हणाली. तिला छानच वाटलं होतं. ती या घरात आली ती सासूबाई गेल्यानंतर, त्याच वर्षी. तिने फक्त थांबणं ऐकलं होतं, भरणं ऐकलं नव्हतं. "किती मोठा आवाज आहे गं!"

"स्टुडिओतली अकॉर्डियन आहे. नवी."

"भरीव आहे," बाबा म्हणाले. खिळ्यांमधून.

"सगळ्या पट्ट्या वाजतात तिच्या," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पहिल्या दिवशी मी सवयीने तिथे थांबले, तर रेकॉर्डिंगवाले म्हणाले, अडता कशाला, पट्टी आहे ना? मी दाबली. वाजली. मग सगळीकडे वाजवली. सहाच्या सहा तुकड्यांत." तिने स्पीकर बंद केला. "माझेच हात, माझीच गाणी. पण ऐकलं की परक्या घरात शिरल्यासारखं वाटतं. बाबा, उद्या सकाळी सातवा द्यायचाय. तो मला पाहुणीवर हवा आहे. चार महिन्यांपूर्वी मागितली तेव्हा मी वाटेल ते बोलले, चुकलं माझं. पण आज परत मागते. एक दिवस द्या."

कात्री दगडावर सर्रकन घासली गेली.

"झालं सुरू," दादा म्हणाला. "नियम एकदा सांगून कळत नाही का गं तुला?"

"मी बाबांना विचारलं."

"आणि मी काय इथे पुतळा आहे? मी तयार बॅगा विकायला ठेवू म्हटलं, तर नाही. फळ्या बदलू म्हटलं, तर नाही. बाबा नाही म्हणाले की मी गप्प बसलो, जन्मभर. तुला दर वेळी वेगळा न्याय का?"

दादाने हे बोलायचं ठरवलं नव्हतं. पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला आठवलं ते बॅगांचं नव्हतंच. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्यालाही वाटलं होतं, एकदा ते ओझं छातीवर घ्यावं, भाता ओढून बघावा. बाबा म्हणाले होते, हवा द्यायला एक माणूस पुरे. तो परत मेणदोरा ओढायला बसला. बहीण वाजवायची आणि तो तिच्या ठेक्यावर टाके घालायचा. त्याचे टाके सगळ्या बाजारात नावाजलेले होते. ते कुठून आले, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"अरे, वर्षाकाठी एखादं माणूस हट्ट करतं," आत्या म्हणाली. "तिचा करू दे."

"ताई, तू मध्ये पडणार नव्हतीस ना?" बाबा म्हणाले.

"पडले! काय करशील?"

तेव्हा वहिनी बोलली. ती सहसा अशा वेळी चहा करायला उठायची. आज उठली नाही.

"बाबा, एक विचारू? वस्तू उंबऱ्याबाहेर जायला नको, एवढंच ना?"

"हं."

"मग उंबऱ्याच्या आत वाजवली तर?" तिने ते मुठीएवढं यंत्र उचललं. "हे इथेच लावू. भात्याला हवा तर द्यायचीच असते. चार महिने कुणी दिलेली नाही."

 आत्याने तोंडावर हात ठेवला, कारण हा युक्तिवाद करणारी बाई सहा वर्षांपूर्वी गेली होती आणि तिची सून तोच जसाच्या तसा मांडत होती. दादाने कात्री खाली ठेवली.

"अगं, तुला कुणी सांगितलं हे?" त्याने विचारलं.

"कुणी कशाला सांगायला हवं? मला अक्कल नाही का?"

बाबा उठले. शिडी लावली. दादा धरायला धावला, तर म्हणाले, "सोड, येतं मला." पेटी त्यांनी छातीशी धरून उतरवली, टेबलावर ठेवली आणि कुलूप उघडलं. टक. तेवीस वर्षांत ते कुलूप एकदाही अडकलं नव्हतं.

"चार महिने कुणी हवा दिलेली नाही असं कोण म्हणालं?" ते म्हणाले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "वाजव."

धाकटीने पट्टे खांद्यावर चढवले. ओझं छातीवर आलं आणि तिला एकदम घरी आल्यासारखं झालं. जुन्या कातड्याचा, डिंकाचा वास आला. तिने डोळे मिटले. आज स्टुडिओ नाही, काचेपलीकडचा माणूस नाही. ती चाल सुरू झाली. वर गेली, वळली, त्या जागी आली. तिने सवयीने ती पट्टी दाबली, तेवढा वेळ जाऊ द्यायला.

पट्टी वाजली.

तिचा हात असा दचकला की भाता अर्ध्यातच मिटला. तिने पुन्हा दाबली. वाजली. थोडी घोगरी, पण नीट.

"वाजली ना?" बाबा म्हणाले. त्यांचं तोंड रिकामं होतं आणि ते हसत होते. असं हसताना त्यांना पोरांनी कधीच पाहिलं नव्हतं. "आत चामड्याची बारीक झडप असते. वाळून दगड झाली होती. मऊ कातडं शोधून नवी कापली. एकदा नाही, चारदा कापावी लागली. सकाळी दुकान उघडायच्या आधी करत होतो. स्क्रू कुठला कुठे जाऊ नये म्हणून बाटल्यांच्या झाकणांना नंबर घालून त्यांत ठेवले."

"बाबा," दादा म्हणाला, "चिठ्ठीवर..."

"माहीत आहे चिठ्ठीवर काय आहे. मीच लिहिली." बाबा मुलीकडे वळले. "तू भांडून गेलीस ना, मला वाटलं, काय मागितलं पोरीनं? एक वाद्य. तेही आपण धड नाही दिलं. मुक्या पट्टीवर शिकायला लावलं. आता सगळ्या वाजतात. आता घेऊन जा, उंबऱ्याबाहेर ने. तो माणूस आला तर मी बघून घेईन."

 धाकटीला आनंद झाल्यासारखं दाखवायचं होतं. तिने प्रयत्नही केला, पण हसू टिकेना. जगात एकच वाद्य होतं ज्यात आईची जागा होती आणि ती जागा बाबांनी मायेनं, चार-चारदा कातडं कापून, बुजवून टाकली होती. हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

"छान झालंय बाबा," ती म्हणाली.

"नाही झालेलं," दादा म्हणाला.

सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो बहिणीच्या स्टुलामागे येऊन उभा राहिला होता.

"ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. आई होती तिथे, बाबा. ती पट्टी मुकी होती म्हणून आई होती. हिला पाहुणी हवी होती ती तेवढ्यासाठी. मलाही आत्ता, ती वाजल्यावर कळलं."

बाबांचं हसू हळूहळू उतरलं. ते मशीनजवळ गेले, झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

"मला काय ते ठाऊक नाही?" ते म्हणाले. "सहा वर्षं ही तिथे येऊन थांबायची. तुम्हाला ते थांबणं गोड वाटत असेल. मला दर वेळी वाटायचं, आता येईल आवाज. मान वळायची माझी. रोज वळायची. मशीनवर कुणी नाही हे ठाऊक असून वळायची." त्यांनी डोळे पुसले, अगदी सरळ, शर्टाच्या बाहीने. "सहन होईना मला. म्हणून केली दुरुस्त. पोरीसाठी केली हे खरं आहे. पण माझ्यासाठीही केली."

आत्या हुंदका देऊन रडायला लागली. वहिनीने तिला जवळ घेतलं. 

मग बाबांनी पट्ट्यांकडे बोट केलं. "मोडून देऊ परत?"

उभ्या आयुष्यात त्यांनी ही भाषा केली नव्हती. ते खरंच विचारत होते. एक हात स्क्रूड्रायव्हरकडे गेलाही होता.

"नको," धाकटी म्हणाली. रडता रडता तिला हसू आलं. "नको बाबा. असू दे. मी बोट उचलीन."

"म्हणजे?"

"वाजेल ती. मी वाजवणार नाही."

वहिनीने यंत्राचं बटण दाबलं, तांबडा दिवा लागला. दादाने शटर पूर्ण खाली ओढलं. बाबा आपल्या जागी बसले आणि घाबरल्यावर हात कुठे ठेवावा हे माणसाला कळत नाही तसं त्यांनी पाचसहा खिळे उचलून तोंडात ठेवले.

सातव्या तुकड्यात ती जागा तीनदा येत होती.

पहिल्यांदा आली, धाकटीने बोट उचललं. भात्याचा श्वास तेवढा ऐकू आला. बाबांची मान मशीनकडे वळली. आत्याचीही वळली, दादाचीही. मग गाणं पुढे गेलं.

दुसऱ्यांदा दादाचा घसा हलला, पण आवाज आला नाही. त्याची बोटं मात्र मांडीवर टाके घालत होती.

तिसऱ्यांदा चाल खालून वर यायला लागली आणि धाकटीने डोळे उघडले. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. ते एकमेकांवर किणकिणले. तिने बोट उचललं.

'ऊं,' बाबा म्हणाले.

सूर बराच खाली लागला होता. मध्ये फाटलाही. पण त्यांनी तो भात्याचा श्वास संपेपर्यंत धरून ठेवला आणि मग तिने शेवटची ओळ वाजवून भाता मिटला.

"बिघडवलं मी," बाबा घाईने म्हणाले. "खिळेपण वाजले. पुन्हा घे. मी बाहेर जाऊन बसतो."

"नाही बाबा. झालं."

"अगं, पण लोक ऐकणार ना ते?"

"ऐकू देत."

वहिनीने बटण दाबलं, दिवा विझला. मग ती चहाला उठली. दादा बहिणीसमोर उभा राहून उगाच पट्टे बघत होता.

"दादा, घेतोस?" तिने विचारलं. "थोडी हवा दे. जड आहे, सांभाळ."

त्याने घेतली. तीस मिनिटं त्याने ती दिली नाही आणि त्यातून एकही गाणं निघालं नाही. आत्या म्हणाली की असला गोंगाट तिने लग्नाच्या घरातही ऐकला नव्हता.

निघताना धाकटीने पाहुणी पेटीत ठेवली. दांडीची जुनी चिठ्ठी सैल झाली होती, तिची गाठ तिने नीट बांधली. पेटी पुसून वर ठेवताना आई दर वेळी एकच वाक्य म्हणायची आणि बाबा खिळ्यांमधून हं म्हणायचे.

"येईल हो माणूस," धाकटी म्हणाली.

बाबा शिडीवर होते. तोंड रिकामं होतं.

"आता कोणी यायचं नाही, पोरी," ते म्हणाले. त्यांनी बाहीने फळी पुसली आणि पेटी उचलून घ्यायला दोन्ही हात खाली केले. "पण जागा ठेवू."